दावणीचा ट्रक

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको, की बन्सीनं स्वतःला सोडून सगळ्यांना धुतलं. आमचे तात्या, म्हणजे माझे वडील तात्याबा, माझ्या अगदी उलटे. त्यांना राग आला की ते गप्प बसायचे. ओरडणारा माणूस परवडला हो, घटकाभरानं त्याच्याबरोबर चहा तरी पिता येतो. गप्प बसलेल्या माणसाचं काय करायचं? छप्पन-सत्तावन सालच्या सुमाराला तात्या माझ्याशी पाच महिने बोलले नाहीत, आणि तेही एका ट्रकपायी.

आमचं गाव निघोजे, चाकणच्या अलीकडं, इंद्रायणीच्या अंगाला. आता तिथं कंपन्यांच्या लांबलचक भिंती आहेत आणि फाटकाफाटकावर वॉचमन आहे. तेव्हा बाजरी होती, कांदा होता आणि तात्यांची बैलगाडी होती. पंचवीस वर्षं त्यांनी चाकणचा कांदा पुण्याला पोचवला. दिवस कलला की गाडी जुंपायची, भोसरीला जरा विसावा घ्यायचा आणि उजाडता उजाडता पुणं गाठायचं. चढ लागला की तात्या गाडीतून खाली उतरायचे आणि बैलांच्या बरोबरीनं चालायचे. पाऊस असो की चिखल असो, उतरायचे म्हणजे उतरायचे. बरोबरचे गाडीवान हसायचे, "तात्याबा, बैल तुला वढतोय का तू बैलाला?" म्हणायचे. तात्या हूं की चूं करायचे नाहीत.

बैलांची नावं चांद्या आणि पाखऱ्या. आमच्याशी तात्या दिवसातून दहा शब्द बोलत असतील, तर बैलांशी शंभर. माझी आई गेली तेव्हा चार माणसांत त्यांनी डोळ्यातून टिपूस काढलं नाही. सगळे म्हणाले, काळजाचा घट्ट माणूस. तिसऱ्या दिवशी मी वैरण टाकायला गोठ्यात गेलो, तर पाखऱ्याच्या मानेला मिठी मारून ढसाढसा रडत होते. मी पेंढी तिथंच ठेवली आणि मागं फिरलो. आम्ही दोघंही त्याबद्दल कधी बोललो नाही.

आमच्या खेड-मावळाकडं पोळा भादव्याच्या अमावस्येला असतो. त्या दिवशी तात्यांचा तोरा बघावा. बैलांना नदीवर नेऊन अंघोळ घालायची, शिंगं रंगवायची, अंगावर झूल टाकायची. आणि पुरणपोळीचा पहिला घास बैलाच्या तोंडात जायचा, तोही तात्यांच्याच हातानं. त्याआधी घरात कुणी ताटाला बोट लावलं, तर ते नुसते बघायचे. तेवढं बघणं पुरे व्हायचं.

मग रस्त्यावर ट्रक आले. जो कांदा तात्या रात्रभर चालून पोचवायचे, तो ट्रकनं दीड-दोन तासांत मंडईत पडायला लागला. व्यापारी काही वाईट नव्हते, पण त्यांनी बैलगाडीसाठी का थांबायचं? तात्यांच्या खेपा आठवड्याला तीनावरून एकावर आल्या, मग महिन्याला एकावर. मी तोवर दिघीला लष्करातून सुटून आलेल्या एका ड्रायव्हरच्या हाताखाली गाडी शिकलो होतो. त्याच्याच ओळखीनं लढाईच्या वेळचा, लिलावात निघालेला एक ट्रक मिळत होता. पण बैल आणि बैलगाडी विकल्याशिवाय तो घरी येणार नव्हता. मी घर डोक्यावर घेतलं. "बैलांच्या शेपट्या पिळून पोट भरायचे दिवस गेले आता," असंही म्हणालो. बोललो खरा.

तात्या शेवटी हो म्हणाले. वैशाखातल्या आखाजीच्या आधी खेडच्या पलीकडचा एक शेतकरी जोडी घेऊन गेला. तात्या त्याच्याबरोबर ओढ्यापर्यंत चालत गेले. दावं घेणाऱ्याला द्यायचं नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून दोन्ही दावी खांद्यावर टाकून परत आले. मी ओट्याशी उभा होतो. माझ्याकडं न बघता ते माझ्या बायकोला म्हणाले, "शकू, त्याला सांग. दसऱ्यापातूर बघनार. तवर त्या गाडीला कायमचं काम लागलं तर ठीक. न्हाई लागलं, तर गाडी इकायची आन दावनीला बैल आनायचे."

त्याला सांग! मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो हो! तेव्हापासून आमचं सगळं बोलणं शकूच्या मार्फत. "शकू, त्याला म्हनावं मीठ दे." "शकू, तात्यांना विचार, पाहुणे कधी येणार." ती बिचारी एकदा तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठली आणि म्हणाली, "मी काय पोस्टमन हाय व्हय तुमा दोगांची?" त्यावर तात्या म्हणाले, "शकू, त्याला सांग, पोरीला तरास देऊ नगं."

ट्रक आमच्या अंगणात, रिकाम्या गोठ्यासमोर उभा असायचा. तात्या त्याला वळसा घालून जायचे. हात लावायचं नाव नाही, बसायचं तर लांबच राहिलं. आणि मी त्या ट्रकनं पाच महिने मिळेल ते ओढत होतो, कधी कांदा, कधी विटा, कधी लग्नाचं वऱ्हाड. कायमचं काम काही लागत नव्हतं. भादवा सरत आला तशी माझी झोप उडाली. तात्या दसऱ्यासाठी दिवस मोजतायत, असंच मला वाटायचं.

आणि मग पिंपरीची बातमी आली. तिथं नवा कारखाना उभा राहत होता आणि वाळू-विटा ओढायला वर्षभरासाठी ट्रक हवे होते. सोमवारी सकाळी तिथला साहेब गाड्या तपासणार होता. ब्रेक, दिवे, हॉर्न. हॉर्नचं विशेष होतं, कारण बांधकामावर बाया डोक्यावर पाट्या घेऊन वावरायच्या. बिनहॉर्नची गाडी फाटकाच्या आत घ्यायचीच नाही, असा त्या साहेबाचा दंडक. पुढच्या शुक्रवारी दसरा होता. म्हणजे तो सोमवार माझा शेवटचाच होता. सोमवारी गाडी पास झाली तर राहिली, नाहीतर गेली.

त्याच्या आदल्या मंगळवारी पोळा झाला. गावात हलग्या वाजत होत्या आणि आमच्या अंगणात सुतक पडल्यासारखं होतं. शकूनं पुरणपोळ्या केल्या. "कुणासाठी केल्यास?" म्हणून मी तिच्यावर खेकसलो आणि आतल्या खोलीत जाऊन आडवा झालो. तात्या ताट घेऊन बाहेर गेले. शेजारच्या भिमाजीच्या बैलांना घास द्यायला गेले असतील, असं आम्ही धरून चाललो.

बुधवारी मी काळेवाडीला विटा टाकायला गेलो. हॉर्नचा आवाज सकाळपासून जरा घोगरा येत होता. बॅटरी उतरली असेल म्हणून मी मनावर घेतलं नाही. दुपारनंतर हस्ताचा पाऊस कोसळायला लागला. परत येईतो इंद्रायणी फुगली होती. नदी फुगली की आमच्या गावाबाहेरच्या ओढ्याचं पाणी तुंबतं आणि फरशीवर चढतं. फरशी म्हणजे ओढ्यावरचा बुटका दगडी पूल, त्याला कठडाबिठडा काही नाही. मी पोचलो तेव्हा पुलाचा पत्ताच नव्हता. नुसतं लाल पाणी वाहत होतं.

भिमाजी अलीकडं डोक्यावर पोतं घेऊन उभा होता. "बन्सी, थांब गड्या. सकाळपातूर वसरंल."

शहाण्या माणसानं ऐकलं असतं. मी खाली उतरलो, इंजिनच्या पंख्याचा पट्टा काढून ठेवला, म्हणजे पंखा फिरून प्लगांवर पाणी उडवणार नाही. तारांच्या तोंडाला ग्रीस फासलं. तेवढं करून मला वाटलं, आपण फार मोठे कारागीर. पहिल्या गिअरमध्ये गाडी घातली पाण्यात. मध्यावर पाणी बॉनेटला लागलं आणि दिव्यांवरून गेलं. पण इंजिन काही बंद पडलं नाही. पलीकडं निघालो तेव्हा मी एकटाच मोठ्यानं हसत होतो. हॉर्न बाहेर मडगार्डवर बसवलेला होता, कर्ण्यासारखा लांब, पुढं तोंड उघडं. त्याला कुणी ग्रीस फासलं होतं?

अंगणात शिरलो तर तात्या ओट्यावर उभे. गाडीवरून निथळणारं पाणी त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "शकू, त्याला इचार, बैल आसता तर घातला आसता का पान्यात?" मी तरातरा आत गेलो.

गुरुवारी सकाळी हॉर्नचं बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं, बुक्की मारली, शिव्या घातल्या. ढिम्म. शुक्रवारी दिवसभर पाऊस. शनिवारी उघडीप पडली तशी गाडी काढली आणि चाकणला करीम मिस्त्रीकडं गेलो.

करीम चाकणचाच. किल्ल्याच्या खंदकाजवळ त्याचं घर आणि घरापुढं चिंचेखाली पत्र्याची शेड. त्याचा बाप नालबंद होता, बैलांच्या खुरांना नाल ठोकायचा. करीमही अगोदर तेच करायचा. चांद्या-पाखऱ्याचे पाय त्यानं कितीदा तरी हातात धरले होते. बैल कमी झाले तसा तो मोटारीकडं वळला, पण शेडच्या खांबाला जुने नाल अजून टांगलेले होते. स्वभावानं इतका थंड, की माझ्यासारख्याचं डोकं फिरावं.

"पान्यात घातली व्हय?" त्यानं गाडीकडं बघताच विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"जाळीत गवत अडकलंय न्हवं का. किती पानी व्हतं?"

"होतं थोडं."

"थोडं!" करीम हसला आणि हॉर्न सोडवायला लागला. उलटा धरला तर आतून पळीभर गढूळ पाणी निघालं. त्यानं मागचं झाकण उघडलं. आत तारेची कॉइल, तिच्यापुढं पत्र्याचा पातळ पडदा आणि वीज जोडणारे-तोडणारे दोन पॉइंट. बटण दाबलं की तो पडदा थरथरतो आणि आवाज होतो. पॉइंटांवर गाळ बसून गंज धरला होता. करीमनं काचकागदाचा चिमूटभर तुकडा घेऊन ते घासले, पेट्रोलनं पुसले. मग कॉइल बोटानं चाचपली.

"ही वली हाय. जाळावर धरली तर वरचा लाखेचा थर जाईल, मग संपलंच. कोमट राखंत ठिवावी लागंल. दुपारपातूर बसा."

"दुपारपर्यंत? करीमभाई, सोमवारी गाडी पिंपरीला उभी करायची आहे!"

"आज शनवार हाय," तो शांतपणे म्हणाला आणि कॉइल फडक्यात गुंडाळून आत गेला. आतून त्याची बायको रहमतबी ओरडली, "माझ्या चुलीत काय घालताय आता?" "बाजूच्या वैलावरच्या राखंत ठिवतोय गं, तुजी चूल न्हाई अडवत." "मागल्या बारीला असंच म्हनला व्हता, दिसभर भाकरीला राकेलचा वास!" मी बाहेर येरझाऱ्या घालत होतो. दहा-दहा मिनिटांनी विचारत होतो, "झालं का?" शेवटी करीम म्हणाला, "बन्सीभाऊ, रागानं वाळत आसती तर तुमच्याच हातात दिली आसती."

दुपारी त्यानं सगळं जोडलं आणि बॅटरीची तार लावली. टक्. एवढंच. पुन्हा लावली, टक्. करीमनं मागचा स्क्रू पाव आटा फिरवला, अर्धा आटा फिरवला. टक्, टक्.

"करंट येतोय," तो म्हणाला. "पडदा बी हलाया बघतोय. पन पुढं कायतरी आडलंय." त्यानं हॉर्नचं तोंड उजेडाकडं धरून एक डोळा मिटून आत बघितलं. मग सायकलची तार वाकवून तिचा आकडा केला आणि आत घातला. अगोदर चिखल आला, गवताच्या काड्या आल्या. मग आत कुठंतरी आकडा रुतला. करीमनं हळूहळू ओढलं, तसा बोटभर जाडीचा, पिवळट तपकिरी, चिकट गोळा बाहेर आला. त्याच्या मागं आणखी एक. करीमनं ते पत्र्याच्या तुकड्यावर ठेवले, वाकून वास घेतला. माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा वास घेतला.

"काय आहे?"

"गाळ न्हाई ह्यो," तो म्हणाला. "कुनीतरी हातानं घातलंय. चांगलं आतपातूर दाबून."

झालं! माझ्या डोक्यात एकदम सगळं जुळलं. हॉर्न पाण्यानं बिघडलाच नव्हता. त्याचा आवाज पाण्यात घालायच्या आधीपासून बसला होता, बुधवारी सकाळपासून! पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून! आमच्या अंगणात येऊन हॉर्नात बोळा कोंबणार कोण? गाडी नापास व्हावी, दसऱ्याला विकली जावी, असं कुणाला वाटत होतं? सगळ्या गावात असा एकच माणूस होता.

"म्हाताऱ्यानं डाव साधला," मी ओरडलो.

"आवो बन्सीभाऊ, आधी ऐका तर माजं. ह्यो वास..."

"वास काय घेतोस! पाच महिने तोंडातून शब्द काढला नाही, का, तर हे करायचं होतं!"

शनिवार म्हणजे चाकणचा बाजार. बैल विकल्यापासून तात्या दर शनिवारी बैलबाजारात यायचे. घ्यायचं काही नसायचं. नुसते हिंडायचे, कुणाच्या बैलाचे दात बघायचे, कुणाच्या पाठीवर हात फिरवायचे. आणि बघा योग, त्याच वेळी ते काठी टेकत रस्त्यानं बाजाराकडंच चालले होते. मी शेडमधून धावत सुटलो आणि भर रस्त्यात त्यांना आडवा झालो.

"तात्या! गाडी नको होती तर तोंडावर सांगायचं होतं! असं पाठीमागून माझ्या पोटावर का मारलंत?"

ते थांबले.

"हॉर्नात बोळे कोंबता? पोटच्या पोराचं वाटोळं करता? बैल पाहिजेत ना? घ्या बैल! दसरा कशाला, आत्ताच विका गाडी!"

बाजारातली माणसं थांबून बघायला लागली. पानवाल्यानं हातातलं पान तसंच धरलं होतं. बापाला असं चव्हाट्यावर बोलणारा मुलगा बघायला कुणाला नको असतं? मला त्याचं काही वाटत नव्हतं. आता वाटतं. इतक्या वर्षांनी सांगतानाही लाज वाटते.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं, मग शेडकडं. आणि मला बाजूला सारून सरळ शेडमध्ये गेले. पत्र्यावरच्या गोळ्याकडं वाकून बघितलं.

"ह्ये आजून त्यातच व्हतं?" त्यांनी करीमला विचारलं. त्यांच्या आवाजात नुसतं नवल होतं. "मला वाटलं, वाटंत कुटं पडलं आसंल."

"पुरान हाय न्हवं, तात्या?" करीम म्हणाला. "मघापासनं ह्यांना सांगतोय, पन ऐकत्यात कुटं. गुळाचा वास येतोय, जायफळाचा येतोय."

"नुस्तं पुरान न्हाई. आख्खी पोळी हाय. तुपासकट."

मी दारात उभा होतो. "पोळी?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

आणि तात्या माझ्याकडं वळले. शकू तिथं नव्हती, करीमला मध्ये घालावं असंही त्यांना सुचलं नाही. "मग काय करू?" ते माझ्यावरच ओरडले. "पोळ्याच्या दिशी दावनीफुडं उबं हाय, त्याला उपाशी ठिऊ? पाच म्हयने वझं वाहतंय आपलं. भिमाजीच्या बैलांना गावानं घास दिला, आन ह्ये आपलं बगत ऱ्हायलं व्हतं तितं. तोंड कुटं आसतं त्याचं, मला काय ठावं? जितनं हंबारतंय तितं घातला घास! आत ढकलला बोटानं, कुत्र्यानं वढू नये म्हनून!"

कुणीतरी बाहेर फिसकन हसलं. तात्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांना आता तोंड फुटलं होतं. "आन तू! पान्यात का घातलीस गाडी? भिमाजी सांगत न्हवता? वाहून गेली आसती तर? गाडी जाऊ दे, तुजं काय झालं आसतं? तुज्या आयला वर जाऊन काय सांगितलं आसतं मी?"

मी तिथल्या जुन्या टायरवर बसलो. पाच महिने मला वाटत होतं, हा माणूस माझी गाडी जायची वाट बघतोय. आणि त्यानं पोळ्याला सगळ्यांच्या आधी तिला घास भरवला होता, अंगणात एकट्यानं, कुणाला न सांगता. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात ना, तो मला खरोखरच उतरल्यासारखा वाटला. तात्या मला शिव्या घालत होते, आणि त्या थांबू नयेत असं वाटत होतं.

"तात्या, चुकलो," मी म्हणालो.

"चुकलास तर चुकलास. त्यो हॉर्न बग आदी."

बाकी काम करीमनं झपाट्यानं केलं. पुरण वाळून पडद्यावर चिकटलं होतं आणि त्यावर तुपाचा ओशटपणा. रहमतबीनं गरम पाणी आणि सोडा दिला. काय अडकलं होतं ते कळल्यावर ती पदर तोंडाला लावून इतकी हसली, की तिला भिंतीला टेकावं लागलं. "तूप घातलं म्हंजे चांगलंच जेवू घातलं की, तात्या!" तात्या जरा लाजले आणि म्हणाले, "साजूक व्हतं." करीमनं पडदा धुऊन, पेट्रोलनं पुसून, कोरडा करून बसवला. हॉर्नचं नळकांडं आतून फडक्यानं साफ केलं. गाडीवर चढवलं. तारा जोडल्या.

"दाबा," तो म्हणाला.

मी बटण दाबलं. असा काही आवाज निघाला, की पलीकडं बैलबाजारात पाच-पंचवीस बैल एकदम बिथरले, दावी ताणली, आणि चारी बाजूंनी माणसं आम्हाला शिव्या द्यायला लागली. आमच्या तिघांच्या चेहऱ्यावर मात्र आनंद मावत नव्हता.

"बारीक हाय आवाज," तात्या म्हणाले. "किरकिरतंय. जरा भरदार कर, करीम."

करीमनं मागचा स्क्रू कणभर फिरवला. मी दाबलं. तात्यांनी मान हलवली, नाही. आणखी कणभर. नाही. डोळे मिटून, काठीवर दोन्ही हात ठेवून ते ऐकत होते. पाचव्या-सहाव्या खेपेला आवाज खाली उतरला, जाड झाला, पोटातून आल्यासारखा. तात्यांनी डोळे उघडले. "आसू दे," म्हणाले. करीमनं तिथंच स्क्रूचा नट आवळला आणि वर रंगाचा थेंब लावला, सैल पडू नये म्हणून.

सोमवारी पिंपरीला आमच्या पुढं आठ गाड्या होत्या. एकीचे दिवे लागत नव्हते, ती परत पाठवली. एकीचा हॉर्न फुसफुसला, तिलाही परत पाठवली. साहेब आला, ब्रेक बघितला, दिवे बघितले. "बजाव," म्हणाला. मी डोळे मिटून बटण दाबलं. शेजारून पाटी घेऊन चाललेली बाई दचकून तीन पावलं बाजूला उडाली. "आरं मुडद्या, कान फुटलं की माजं!" साहेब हसला आणि वहीत माझ्या गाडीचा नंबर लिहिला. मी फाटकाबाहेर आलो, गाडी बाजूला लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून थोडा वेळ नुसता बसलो. हसत होतो की रडत होतो, मलाच कळत नव्हतं.

घरी आलो तेव्हा अजून उजेड होता. तात्या ओट्यावर अंबाडीचा दोर वळत बसले होते. शकू तुळशीपाशी होती.

"लागलं काम," मी म्हणालो. "वर्षभराचं."

शकूनं हात जोडले. तात्यांनी दोराला पीळ देत नुसतं "हं" केलं. मला वाटलं, झालं, आता एवढंच. मी चपला काढायला ओट्याच्या पायरीवर टेकलो.

"त्या करीमला इचारून ठेव," तात्या म्हणाले.

"काय?"

"हॉर्नात घालू नगं म्हनतोय त्यो. मग फुडल्या पोळ्याला घास द्यायचा कुटं?"

फुडल्या पोळ्याला, म्हणाले. मी चपलेचा अंगठा तुटलाय असं दाखवत बराच वेळ खाली वाकून बसलो, कारण डोळे भरून आले होते. मग म्हणालो, "विचारतो."